घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे शनिवार-रविवार: पुण्याच्या आसपास मुलांना कोठे न्यावे?

नवी पुणेकर

नमस्कार. जून महिन्यात आम्ही नागपूरहून पुण्यात, कोथरूड भागात राहायला आलो. घरात मी, माझे पती, नऊ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीमुळे फार पायऱ्या चढू न शकणाऱ्या सासूबाई असे पाच जण आहोत. पावसाळा घर लावण्यात आणि मुलांच्या नव्या शाळेत गेला. आता पाऊस ओसरत आला आहे, आकाश स्वच्छ होऊ लागले आहे, आणि घटस्थापनेपासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे सुमारे सहा आठवडे मुलांबरोबर नीट घालवावेत अशी मनापासून इच्छा आहे.

नागपुरात असताना हा प्रश्न कधी पडला नाही. फुटाळा तलाव होता, महाराजबाग होती, रामटेक तासाभराच्या अंतरावर होते, आणि भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई असल्यामुळे मुलीची प्रत्येक संध्याकाळ मैत्रिणींमध्ये, गाण्यांमध्ये आणि डब्यातला खाऊ ओळखण्यात जात असे. येथे आल्यापासून आम्ही दोनदा बाहेर पडलो. पहिल्या वेळी लोणावळ्याच्या वाटेवर वाहनांच्या रांगेत जवळजवळ चार तास अडकलो आणि काहीही न पाहता परतलो. दुसऱ्या वेळी एका मॉलमध्ये गेलो; मुलांनी तेथे यंत्रांवर खेळण्यात बराच खर्च केला आणि घरी आल्यावर काय पाहिले असे विचारले तर दोघांनाही काही सांगता आले नाही. तेव्हापासून मन खट्टू आहे.

इंटरनेटवर शोधले की 'पुण्याजवळची पंचवीस ठिकाणे' अशा याद्या मिळतात, परंतु त्यांतील कोणते ठिकाण या ऋतूत पाहण्यासारखे आहे, चार वर्षांचे मूल तेथे चालू शकेल का आणि आजींना कोठे बसता येईल, हे कोणीच लिहीत नाही. आमच्याकडे लहान चारचाकी आहे, पण पतींना एक सोडून एक शनिवार कामावर जावे लागते, त्यामुळे मुक्कामाच्या सहली शक्य नाहीत. अर्ध्या किंवा फार तर एका दिवसात होईल असे, या ऋतूचे आणि या भागाचेच असे काही सुचवावे. कास पठार आणि भिगवणचे रोहित पक्षी यांबद्दल फार ऐकले आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर ते जमेल का, हेही कृपया सांगावे.

टेकडीचा रहिवासी

आपला प्रश्न वाचून बरे वाटले, कारण ऋतू पाहून ठिकाण निवडावे हा विचार फार थोडे पालक करतात. माझी मुले आता मोठी झाली आहेत, पण ती लहान असताना दहा-बारा वर्षे आम्ही पुण्याच्या चहूबाजूंना फिरलो आणि त्यातून तीन गोष्टी अनुभवाने ठरवल्या: घरापासून दीड तासापेक्षा लांब जायचे नाही, सकाळी सहाच्या आत निघायचे, आणि एका दिवसात एकच ठिकाण पाहायचे. पावसाळा संपल्यानंतर पुण्यात सकाळी गारवा असतो आणि दहानंतर ऊन चटकू लागते, हे आपल्याला येत्या महिन्यात कळेलच. नऊ वाजता घरातून निघालेले कुटुंब भर उन्हात डोंगराच्या पायथ्याशी पोहोचते, मुले कंटाळतात आणि दोष त्या ठिकाणाला दिला जातो.

पहिली सहल म्हणून मी मल्हारगड सुचवीन. दिवे घाट चढून गेल्यावर सासवडच्या अलीकडे सोनोरी आणि झेंडेवाडी या गावांच्या मधल्या डोंगरावर हा लहानसा किल्ला आहे. महाराष्ट्रात सर्वांत शेवटी बांधला गेलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो. पेशव्यांच्या तोफखान्याचे प्रमुख असलेल्या पानसे घराण्याने १७५७ ते १७६० या काळात तो बांधला. सोनोरी गावात पानशांची गढीही आहे. मुलांच्या दृष्टीने त्याचा मोठा गुण असा की तो एका नजरेत समजतो. बाहेरचा तट साधारण त्रिकोणी आहे, आत चौकोनी बालेकिल्ला आहे, त्यात खंडोबा आणि महादेव यांची दोन देवळे आहेत, आणि तटावरून अर्ध्या तासात फेरी पूर्ण होते. राजगडासारखा मोठा किल्ला नऊ वर्षांच्या मुलीला थकवतो आणि तिच्या डोक्यात त्याचा नकाशा तयार होत नाही. मल्हारगडावरून खाली उतरल्यावर मात्र ती कागदावर त्याचे चित्र काढू शकेल. तटावरून पुरंदर आणि वज्रगड दिसतात, आणि या ऋतूत खालच्या शेतांमध्ये शेवंती आणि झेंडूचे पट्टे दिसतात. दसऱ्याला पुण्याच्या बाजारात येणारा बराचसा झेंडू याच पुरंदर भागातून येतो, हे मुलांना तेथे उभे राहून सांगावे.

चढण मध्यम आहे. चार वर्षांच्या मुलाला थोडा वेळ उचलून घ्यावे लागेल. सासूबाईंना मात्र गडावर नेऊ नये. त्यांच्यासाठी सासवडमध्ये कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावरील संगमेश्वराचे देऊळ आहे. तेथे काही पायऱ्या आहेत, पण पायऱ्यांच्या अलीकडे सावलीत बसूनही नदीचा परिसर पाहता येतो. ज्ञानेश्वरांचे बंधू सोपानदेव यांची समाधीही सासवडलाच आहे. दोघांपैकी एकाने मुलांबरोबर गडावर जावे आणि दुसऱ्याने आजींबरोबर सासवडात थांबावे, असे ठरवले तर कोणाचीच ओढाताण होत नाही. परतताना सीताफळे घ्यायला विसरू नका. पुरंदरचे सीताफळ याच दिवसांत भरात असते, आणि ज्या रानातून ते आले ते रान नुकतेच पाहिलेले असल्यामुळे मुले ते वेगळ्या आवडीने खातात.

गडावर पिण्याच्या पाण्याचा भरवसा धरू नये. माणशी दोन लिटर पाणी बरोबर घ्यावे. पावसाळ्यानंतर गवत कमरेइतके वाढलेले असते आणि त्यात घोणस, फुरसे असू शकते, म्हणून मुलांच्या पायांत बूट असावेत आणि मळलेली वाट सोडून कोणी गवतात शिरू नये.

माळटिटवी

कास आणि भिगवण या दोन्हींविषयी स्पष्ट लिहिते, म्हणजे मुलांचा हिरमोड होणार नाही.

कास पठारावर जांभ्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. पावसाळ्यात तो ओला असतो तेवढ्याच काळात तेथील लहान वनस्पतींना उगवणे, फुलणे आणि बी धरणे उरकावे लागते. म्हणून ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबर संपेपर्यंत तेथे तेरडा, सीतेची आसवे, कवला यांचे गालिचे दिसतात, आणि पाऊस थांबून माती सुकली की ते झपाट्याने ओसरतात. ऑक्टोबरच्या मध्यावर फार तर सोनकीची पिवळी फुले आणि वाळू लागलेले गवत मिळेल. सातारा पुण्यापासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे आणि कास साताऱ्याच्याही पुढे सुमारे पंचवीस किलोमीटर आहे. एवढा प्रवास चार वर्षांच्या मुलाला या वेळी करायला लावू नये. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये, शक्यतो आठवड्याच्या मधल्या एखाद्या सुट्टीच्या दिवशी, आगाऊ नोंदणी करून जावे. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांमध्ये २०१२ साली कासचा समावेश झाल्यापासून गर्दी इतकी वाढली आहे की पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली, आणि ती मर्यादा योग्यच आहे.

भिगवणचे उलट आहे. तेथे आपण फार लवकर जाल. रोहित पक्षी उथळ पाण्यात उभे राहून चोचीने चिखल गाळून खातात. पावसाळा संपताना उजनी धरण भरलेले असते, त्यामुळे भीमेच्या फुगवट्यात, म्हणजे धरणामुळे मागे पसरलेल्या पाण्यात, काठापर्यंत खोल पाणी असते आणि या पक्ष्यांना पाय टेकायला जागाच नसते. डिसेंबरपासून पाणी ओसरू लागते, दलदल उघडी पडते आणि मग रोहितांचे थवे दिसू लागतात. जानेवारीतला एखादा रविवार त्यासाठी राखून ठेवावा. एवढे कारण मुलीला समजावून सांगितले तर थांबणेही तिला आवडेल, असा माझा अनुभव आहे.

या ऋतूसाठी मी सुपे गावाजवळचे मयूरेश्वर अभयारण्य सुचवते. मोरगावच्या गणपतीपासून ते जवळ आहे. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे हे गवताळ माळरान चिंकारा हरणांसाठी राखलेले आहे. पाऊस गेल्यावर गवत सोनेरी होऊ लागते, आणि सकाळी लवकर गेल्यास गाडीत बसूनच चिंकारा पाहता येतात, म्हणजे सासूबाईंनाही बरोबर नेता येईल. ऑक्टोबरपासून उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी याच सुमारास माळावर उतरतात. गवतावरून अगदी खालून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला तरंगत जाणारा पक्षी दिसला की तो भोवत्या समजावा. मुलांना शांत बसण्याची अट घालण्याऐवजी एक काम द्यावे. मुलीला दुर्बीण आणि वही द्यावी. मुलाने फक्त बोटांवर हरणे मोजावीत. मी माझ्या भाच्यांना असे नेले तेव्हा पाच वर्षांच्या भाच्याने अकरा चिंकारा मोजले होते, आणि तो आकडा तो आजही विसरलेला नाही.

आणखी एक गोष्ट, जिला प्रवासच लागत नाही. पावसाळ्यानंतरचे हे दोन महिने फुलपाखरांचे असतात. गॅलरीत कढीपत्त्याचे किंवा लिंबाचे रोप असेल तर पानांच्या मागे अळ्या शोधाव्यात. पहिल्या अवस्थांतली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, नंतर हिरवी होते, मग कोश बनवते, आणि साधारण दोन आठवड्यांत त्यातून फुलपाखरू बाहेर येते. महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू असलेला नीलवंतही लिंबाच्याच कुळातील झाडांवर अंडी घालतो. दर शनिवारी सकाळी एकाच रोपासमोर बसून झालेला बदल वहीत टिपणे हा लहान मुलासाठी कोणत्याही सहलीइतकाच मोठा कार्यक्रम आहे.

पेठेतला

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, पण पुण्यात नव्याने आलेल्या कुटुंबाने सगळ्याच रविवारी पुण्याबाहेर का जावे, असा प्रश्न मला पडतो. गाव ओळखीचे झाले की मुले तेथे रुजतात.

शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयापासून सुरुवात करावी. दिनकर गंगाधर केळकर हे 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहीत. त्यांनी आयुष्यभर गावोगावी फिरून रोजच्या वापरातील सुंदर वस्तू जमवल्या, अकाली गेलेल्या राजा या आपल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला अर्पण केला. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या वर आहे आणि त्यांतील काही भागच एका वेळी मांडलेला असतो, तरीही सगळे एका फेरीत पाहण्याचा प्रयत्न केला तर मुले दुसऱ्या दालनातच थकतील. माझी पद्धत अशी आहे की एका भेटीला एकच वस्तू ठरवायची. पहिल्या वेळी फक्त दिवे. दुसऱ्या वेळी अडकित्ते, कारण त्यांत घोड्याचे, पोपटाचे आणि माणसांच्या जोडप्याचे असे आकार आहेत. तिसऱ्या वेळी वाद्ये. सासूबाईंना अवश्य न्यावे, मात्र वरच्या मजल्यांसाठी पायऱ्या आहेत हे लक्षात ठेवावे. तेथील पितळी भांडी, वज्री, विळ्या आणि फणीपेट्या पाहताना आजी बोलू लागतात आणि नातवंडे ऐकू लागतात. माझ्या आईच्या बाबतीत मी हे पाहिले आहे, आणि तिने त्या दिवशी सांगितलेल्या गोष्टी आम्ही भावंडांनीही पूर्वी कधी ऐकल्या नव्हत्या.

कोथरूडमध्ये राहता म्हणून सांगतो, जोशी यांचे छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आपल्या अगदी जवळ आहे. चार वर्षांच्या मुलासाठी दुसरे काही शोधण्याची गरज नाही. जंगली महाराज रस्त्यावरील पाताळेश्वर हे आठव्या शतकातील, राष्ट्रकूट काळातले एकाच खडकात कोरलेले देऊळ आहे. त्याचा गोल नंदीमंडप पाहून मुले हटकून विचारतात की एवढा दगड बाहेर कसा नेला. त्या प्रश्नाचे उत्तर लगेच देऊ नये.

आता दिवाळीच्या किल्ल्याविषयी. आपल्याकडे भुलाबाई तशी आमच्याकडे मुलांची ही हक्काची गोष्ट. शाळेला सुट्टी लागली की दगड, विटा आणि गोणपाट रचून त्यावर लाल माती लिंपायची, बुरूज आणि पायऱ्या कोरायच्या, अळीव किंवा मोहरी पेरून दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचे, म्हणजे चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. मावळे आणि सिंहासनावरचे महाराज कसबा पेठेत कुंभारवाड्याच्या बाजूला मातीचे मिळतात. ते आणायला मुलांना बरोबर न्यावे. त्याच फेरीत तांबट आळीतून चालत जावे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने ठोके घालून नक्षी उठवणारे कारागीर तेथे अजून काम करतात. दारात उभे राहण्यापूर्वी त्यांना विचारावे, आणि आवाज मोठा असल्यामुळे लहान मुलाला आधी कल्पना द्यावी.

किल्ला काल्पनिक करण्यापेक्षा एखाद्या पाहिलेल्या गडाचा करावा. 'टेकडीचा रहिवासी' यांनी सुचवलेला मल्हारगड त्यासाठी अगदी योग्य आहे. दसऱ्याच्या सुमारास गड पाहून यावे, मुलीने तेथेच नकाशा काढावा आणि दिवाळीत तोच अंगणात उभा करावा. असे केले तर या सगळ्या आठवड्यांचे शनिवार-रविवार एका कामात बांधले जातात, आणि प्रत्येक आठवड्याला नवे काय शोधायचे हा प्रश्नच उरत नाही.

लोकलने जाणारी

लोणावळ्याच्या रस्त्याचा जो अनुभव आपल्याला आला तो आमच्या घरालाही आला होता. त्यानंतर आम्ही त्या बाजूला गाडीने जाणेच बंद केले. शिवाजीनगरहून सकाळच्या लोणावळा लोकलने मळवलीला उतरावे, तेथून भाजे गाव आणि भाजे लेणी चालण्याच्या अंतरावर आहेत. आमच्या मुलीला लेण्यांइतकाच लोकलचा प्रवास आवडला होता, हे येथे सांगितले पाहिजे, कारण आपण मोठी माणसे प्रवासाला वाया गेलेला वेळ समजतो.

भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची आहेत. एकूण बावीस लेणी आहेत, पण मुलांना तीनच दाखवावीत. पहिले चैत्यगृह, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृह, ज्याच्या दगडी छताला खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. दुसरी चौदा स्तूपांची ओळ. त्यांपैकी पाच आत आणि नऊ बाहेर आहेत, हे मुलांकडूनच मोजून घ्यावे. तिसरा शेवटच्या बाजूचा विहार, म्हणजे भिक्षूंचे राहण्याचे लेणे, जेथे चार घोड्यांच्या रथातील सूर्य आणि हत्तीवरील इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पे आहेत. पायऱ्या बऱ्याच असल्यामुळे सासूबाईंना ही सहल झेपणार नाही. दुपारी लोकल गाड्यांमध्ये मोठे अंतर असते, त्यामुळे परतीची गाडी आधीच पाहून ठेवावी.

मळवलीहूनच लोहगडालाही जातात, आणि २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्ये या नावाने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत तो आहे. पण माझे स्पष्ट मत असे आहे की चार वर्षांच्या मुलाला घेऊन रविवारी लोहगडावर जाऊ नये. अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकमेकांत अडकतात, आणि पावसाळ्यानंतरही काही ठिकाणी शेवाळ असते. मोठ्या मुलीला पुढे कधीतरी शनिवारी पहाटे न्यावे.

लेणी आणि गड दोन्हींसाठी एक सावधगिरी. कड्यांवर आग्यामोहोळे असतात. अत्तर किंवा उग्र वासाचे काही लावून जाऊ नये, धूर करू नये, मुलांना दगड भिरकावू देऊ नयेत आणि मोठा आवाज करू नये. मोहोळ दिसले तर वाट बदलावी.

दोन मुलींची आई

आयोजित उपक्रमांविषयी थोडेसे. या दिवसांत वृक्षपरिचय, किल्ले बांधणी, आकाशदर्शन, मातीकाम, पणत्या रंगवणे असे अनेक कार्यक्रम असतात, पण ते शोधावे लागतात. वर्तमानपत्रातील 'आजचे कार्यक्रम' हे सदर, परिसरातील वाचनालयाचा फलक आणि नाट्यगृहांबाहेरील पाट्या यांवर मला समाजमाध्यमांपेक्षा अधिक उपयोगाची माहिती मिळाली आहे. दिवाळीच्या सुट्टीत बालनाट्यांचे प्रयोगही लागतात.

पैसे भरण्यापूर्वी मात्र विचारपूस करावी. माझ्या धाकट्या मुलीला मी एका निसर्गसहलीला पाठवले होते. तेथे साठ मुलांमागे दोनच मार्गदर्शक होते. माझी मुलगी सगळा वेळ रांगेच्या शेवटी होती आणि तिला झाडाचे नावही ऐकू आले नाही. त्या दिवशी ती घरी येऊन रडली आणि मला स्वतःचा फार राग आला. तेव्हापासून मी चार गोष्टी विचारते: मुले किती, मोठी माणसे किती, प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे असते, आणि पालकांना बरोबर येता येते का. शेवटच्या प्रश्नाला नकार आला तर लहान मुलांना मी पाठवत नाही.

सासूबाईंसाठी आगाखान पॅलेस लक्षात ठेवावा. बाग सपाट आहे, बसायला सावली आहे. ऑगस्ट १९४२ पासून गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांना तेथे स्थानबद्ध ठेवले होते. महादेवभाई आणि कस्तुरबा या दोघांचेही निधन तेथेच झाले आणि त्यांच्या समाधी बागेच्या मागच्या बाजूला आहेत. नऊ वर्षांच्या मुलीला हे समजते.

कृत्तिका

रात्रीचा विचार कोणी मांडलेला नाही म्हणून लिहितो. कोजागिरीला गच्चीवर दूध आटवावे, चंद्र पाहावा, पण तारे पाहण्यासाठी तो दिवस उपयोगाचा नाही, कारण चांदण्यात मंद तारे लोपतात. त्यानंतरच्या पंधरवड्यातील, अमावास्येच्या जवळचा शनिवार निवडावा.

मुलीला एक गोष्ट दाखवावी. आश्विन आणि कार्तिक ही महिन्यांची नावे आकाशातून आलेली आहेत: आश्विनातला पूर्ण चंद्र अश्विनी नक्षत्राजवळ असतो आणि कार्तिकातला कृत्तिकांजवळ. तुळशीच्या लग्नाच्या दिवसांत संध्याकाळी पूर्वेकडे पाहिले तर द्राक्षाच्या लहान घडासारखा कृत्तिकांचा पुंजका वर येताना दिसतो. नुसत्या डोळ्यांना त्यात सहा तारे मोजता आले तर दृष्टी उत्तम आहे असे समजावे. मुले बहुधा आपल्यापेक्षा जास्त मोजतात. शहराच्या दिव्यांपासून दूर, भोर किंवा वेल्ह्याच्या बाजूला कोणा ओळखीच्यांचे शेत असेल तर साध्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा प्रचंड समूह, हीही दिसते. तो धुरकट ठिपका म्हणजे सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे. मुलांना ऊबदार कपडे आणि डासांपासून संरक्षण हवे. या ऋतूत डेंग्यूचा धोका असतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

नवी पुणेकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण काही करून पाहिल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी आम्ही पहाटे साडेपाचला निघालो. पती मुलांना घेऊन मल्हारगडावर गेले आणि मी सासूबाईंबरोबर संगमेश्वराजवळ थांबले. त्यांच्याशी इतका निवांत वेळ मला लग्नानंतरच्या अकरा वर्षांत क्वचितच मिळाला असेल. मुलगा अर्धी चढण स्वतः चढला आणि उरलेली वडिलांच्या खांद्यावर बसून. मुलीने तटावर बसून नकाशा काढला. त्यात दरवाजा, दोन्ही देवळे आणि विहिरीही आहेत. सीताफळे सासवडातून घेतली आणि घरी येईपर्यंत त्यांतील निम्मी संपली.

पुढच्या आठवड्यात पतींना शनिवारी काम होते, म्हणून फक्त केळकर संग्रहालयात गेलो आणि पेठेतला यांच्या सांगण्याप्रमाणे दिवेच पाहिले. सासूबाईंनी एका दिव्यासमोर उभे राहून सांगितले की त्यांच्या माहेरी, उमरेडजवळच्या गावात, वीज येण्यापूर्वी असाच दिवा देवघरात असे आणि त्यात वात घालण्याचे काम त्यांच्याकडे होते. मुलीने घरी येऊन तो दिवा वहीत काढला आणि खाली आजीचे नाव लिहिले.

आता किल्ल्याची तयारी सुरू आहे. आमच्या इमारतीला अंगण नाही, म्हणून सोसायटीच्या परवानगीने जिन्याखालच्या मोकळ्या जागेत माती आणली आहे. तळमजल्यावरची तीन मुले आपणहून मदतीला आली, आणि त्यांपैकी एकाने त्रिकोणी तट पाहून हा कोणता गड असे विचारले तेव्हा माझ्या मुलीने त्याला पानशांपासून सगळे सांगितले. विहिरीची जागा नेमकी कोठे यावरून तिचे आणि तिच्या वडिलांचे एकमत होत नाही, त्यामुळे दिवाळीपूर्वी एकदा पुन्हा गडावर जाऊन पाहायचे ठरले आहे. भोंडल्याला या वर्षी उशीर झाला. पण शेजारच्या काकूंनी पुढच्या वर्षी सोसायटीत एक दिवस भोंडला आणि एक दिवस भुलाबाई करू असे स्वतःहून म्हटले आहे.

सुप्याला दिवाळीनंतर जाऊ. माळटिटवी, मुलांसाठी पहिली दुर्बीण कोणत्या प्रकारची घ्यावी, हे सवडीने सांगाल का?

माळटिटवी

आठ गुणिले तीस किंवा आठ गुणिले बत्तीस असे लिहिलेली, वजनाला हलकी दुर्बीण घ्यावी. दहा पटीची घेऊ नये. लहान हातात ती हलते आणि पक्षी सापडत नाही. सुप्याला जाण्यापूर्वी आठवडाभर गॅलरीतून समोरच्या झाडावरचे कावळे आणि साळुंक्या पाहून मुलीने ती डोळ्याला लावण्याचा सराव करावा. चार वर्षांच्या मुलाला दुर्बीण देऊ नका. त्याला मोजू द्या.